रॅकूनला फणस आवडतो

आमच्या गॅरेजमध्ये एक जुना फ्रिज आहे. तो माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. पाहुणे आले की माझा नवरा विलास त्यांना दारातच सांगून टाकतो, "कोल्ड ड्रिंक किचनमधलंच घ्या, बरं का." गॅरेजच्या त्या फ्रिजमध्ये बरण्या आहेत, आणि प्रत्येकीवर माझ्या अक्षरात नंबर आणि तारीख. ती लोणची नाहीत. ते रॅकूनला बोलावायचे वास आहेत.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, अंकात सगळे डॉक्टर आणि इंजिनीयर लिहितात. माझं कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "शोभाताई, त्यांचं आम्ही वीस वर्षं वाचतोय." मग काय, लिहायला बसले.

हा अंक भारतातही जातो म्हणून आधी प्राण्याची ओळख करून देते. रॅकून मांजरापेक्षा मोठा आणि अंगानं गोलमटोल. शेपटीवर पट्टे, आणि चित्रातल्या चोराच्या डोळ्यांवर असते तशी काळी पट्टी. पुढचे पंजे मात्र थेट माणसाच्या हातासारखे. कचऱ्याच्या डब्याचं झाकण, जाळीचा खिळा, कुत्र्याच्या दाराची कडी, काय म्हणाल ते त्याला उघडता येतं. पुस्तकात लिहितात की तो जंगलात राहतो. माझ्या अनुभवात तो इलिनॉयमधल्या आमच्या शॉमबर्गमध्ये राहतो, आणि तेही चांगल्या घरात. घर शोधताना तो आपल्या लोकांसारखा चांगल्या शाळांचा स्कूल डिस्ट्रिक्टसुद्धा बघत असावा.

घराच्या माळ्यावर, चिमणीत, मागच्या लाकडी डेकखाली त्यानं बिऱ्हाड केलं की लोक आमच्याकडे फोन करायचे. आम्ही म्हणजे रे आणि मी. रे हा साठीचा, उंच, कमरेत वाकलेला गोरा माणूस. प्राणी पकडण्याचा धंदा त्याचा. मी अकोल्याकडची, बी.एस्सी. केमिस्ट्री. विलासच्या मागून अमेरिकेत आले आणि वर्क परमिट येईपर्यंत सात वर्षं घरी बसले. परमिट आलं तेव्हा इतकी वर्षं रिकामी असलेल्या बाईला लॅबमध्ये कुणी घेईना. रेला फोन उचलायला माणूस हवं होतं, त्यानं घेतलं. शोभा हे नाव त्याला पेलेना, म्हणून मी 'शो' झाले.

एक वर्ष मी फक्त फोन उचलले. मग रेचं कमरेचं ऑपरेशन झालं, आणि एके दिवशी त्यानं विचारलं, "शो, फोन उचलणाऱ्या बाईला शिडी चढता येते का?"

मी म्हटलं, "कडुलिंबावर चढायचे. शिडीला तर पायऱ्या असतात."

राज्याची परीक्षा दिली, परवाना काढला आणि पिंजरे घेऊन फिरू लागले. आई फोनवर विचारायची, "नोकरी कशी चाललीय?" मी म्हणायचे, "फील्डवर असते." तिला वाटायचं, सर्व्हेचं काम आहे.

आता धंद्यातली मुख्य गोष्ट सांगते. पिंजऱ्यात खाणं ठेवलं की प्राणी येतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. खाणं हे पानात वाढलेलं. पण पानापर्यंत पाहुणा यायला हवा ना! त्यासाठी वास लागतो. फोडणी बसली की चार घरं पलीकडे कळतं ना, आज यांच्याकडे काहीतरी आहे, तसा. तो वास वेगळा बनवावा लागतो. त्यात एक मूळ पदार्थ असतो, मासा किंवा फळ. मग लांब पोचणारं काहीतरी, म्हणजे बडीशेपेच्या वासाचं तेल वगैरे. शिवाय वास धरून ठेवायला आणि थंडीत गोठू नये म्हणून ग्लिसरीन. हे सगळं कालवून मुरवायचं. आणि लावायचं किती, तर काडीच्या टोकावर येईल तेवढंच. फार लावलं की रॅकूनला संशय येतो.

रे हा वास विस्कॉन्सिनमधल्या एका म्हाताऱ्याकडून बाटलीनं आणायचा. तो म्हातारा आपल्या कोठारात काय उकळायचा, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तो वारला आणि त्याच्या मुलींनी कोठार धुऊन काढलं. शेवटची बाटली संपत आली तेव्हा रे ती उजेडात धरून बघत बसायचा.

मी म्हटलं, "रे, मी केमिस्ट्री केलीय. मी बनवते."

"तुला यातलं काय माहीत?"

"वासाबद्दल मला बरंच माहीत आहे."

ते खरंच होतं. आमच्याकडे आठवडी बाजारातून सुकट यायची. वाळवलेल्या बारक्या माशांची चटणी भाकरीबरोबर, वर कांदा. त्यासारखं दुसरं काही नाही. पण कॉलेजला अमरावतीच्या हॉस्टेलवर गेले तेव्हा आईनं दिलेला सुकटीचा डबा मी तीन पिशव्यांत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवायचे आणि खोलीत कुणी नसताना खायचे. एकदा खोलीतल्या मुलींना वास लागला. त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी दोघींनी खोली बदलून मागितली. अमेरिकेत आल्यावरही कुणी येणार नसेल तेव्हाच, सगळ्या खिडक्या उघडून मी सुकट भाजत होते. आणि आता माझा साहेबच म्हणत होता, जितका उग्र होईल तितका कर!

इंडियन ग्रोसरीतून मी सुकटीची सहा पाकिटं आणली. कुटली, माशाचं तेल घातलं, ग्लिसरीन घातलं, थोडं पाणी घातलं. मोठ्या बरणीत भरून गॅरेजमध्ये उन्हाच्या खिडकीत मुरायला ठेवलं. वहीत लिहिलं: शो नंबर एक. आमची रिया तेव्हा हायस्कूलला होती. ती दारातूनच म्हणाली, "मॉम, धिस इज सो नॉट नॉर्मल," आणि आठवडाभर घरात पुढच्या दारानं ये-जा करत राहिली.

त्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये मंडळाच्या नाटकाची तालीम होती. पंधरा-सोळा माणसं. नायिका नायकाला सोडून चालली होती, तेवढ्यात वर धाडकन आवाज झाला. आणि मग एअर कंडिशनिंगच्या जाळीतून तो वास खाली आला. कुणीतरी ओरडलं, "गॅस लीक!" सगळे नाटकाच्या कपड्यांत लॉनवर. पेशवाईतली पात्रं फुटपाथवर उभी, आणि कुणीतरी फायर ब्रिगेडला फोनही केलेला. भला मोठा लाल बंब आला. एक जवान मास्क लावून गॅरेजमध्ये गेला, दोन मिनिटांनी डोळे पुसत बाहेर आला आणि मला म्हणाला, "मॅडम, आत कोण मेलंय?"

बरणीचं झाकण घट्ट लावलं होतं. आतलं मिश्रण आंबलं, गॅस झाला, बरणी फुटली. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास! विलासचे ऑफिसचे तीन शर्ट गॅरेजमध्ये इस्त्रीला टांगलेले होते. ते फेकावेच लागले. रात्री जेवायला बसलो. मला वाटलं आता भांडण होणार. तर म्हणाला, "थोडी उरली असेल तर कर ना यार चटणी. इतका वास आलाय की भूक लागलीय."

नंबर एकचीच दुसरी बरणी झाकण सैल ठेवून केली. दहा दिवसांनी सहा पिंजऱ्यांना लावली. सकाळी बघते तर पाच पिंजऱ्यांत मांजरं आणि सहाव्यात स्कंक. स्कंक म्हणजे घाबरला की शेपूट वर करून पिचकारी मारणारा काळा-पांढरा प्राणी. त्याच्यापुढे माझी सुकट म्हणजे अत्तर. एक पिवळा बोका तर सलग तीन दिवस सापडला. त्याची म्हातारी मालकीण चौथ्या दिवशी मला म्हणाली, "तो आता जेवायला तुमच्याकडेच असतो का? तसं असेल तर मी त्याच्या खाण्याचे डबे कमी आणते." रेनं जाहीर केलं, की इलिनॉयमधला मांजरांसाठीचा सर्वोत्तम वास शोनं शोधून काढला आहे.

म्हणून वस्तीत मासा वापरायचा नाही, गोड वापरायचं. मांजर गोडाकडे ढुंकून बघत नाही. मग हिवाळाभर मी गोडावर बसले. केळी, काकवी, स्ट्रॉबेरी जाम, व्हॅनिला. नंबर दोन ते सहा. दोनला मुंग्या आल्या. चार बरा होता, पण विस्कॉन्सिनच्या म्हाताऱ्याची सर नाही.

आणि मग एप्रिलमध्ये बर्व्यांचा फोन आला.

बर्वे काका निवृत्त भूलतज्ज्ञ, सत्तरीच्या पुढचे. इथे सत्तरच्या दशकात आलेल्यांपैकी. काकू रत्नागिरीच्या. मी माळा तपासायला गेले तेव्हा काका शिडी धरून खाली उभे होते.

"अरे वा, आपली मराठी मुलगी! आणि रॅकून पकडतेस? आडनाव काय म्हणालीस?"

"मेश्राम."

"अच्छा," काका म्हणाले. आणि मग पुन्हा, "अच्छा, अच्छा."

ज्यांनी हे अच्छा ऐकले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकले नाहीत ते नशीबवान. माळ्यावर मी टॉर्च फिरवला. विष्ठा होती, तुडवलेलं इन्सुलेशन होतं, छपराच्या कडेला आत यायचं भोक होतं. प्राणी नव्हता, पिल्लंही नव्हती. खाली येऊन पिंजरा लावला. काकू मला सोडायला गाडीपर्यंत आल्या, थांबल्या, नाक वर करून म्हणाल्या, "शोभा, गाडीत सुकट आहे का गं?"

मी मनात म्हटलं, झालं. तोंडानं म्हटलं, "हो काकू. जुनं मिश्रण आहे. सॉरी."

त्यांनी मागे वळून काका दारात नाहीत ना ते पाहिलं. "लहानपणी आमच्या शेजारच्या घरातून यायचा हा वास. मला फार आवडायचा. ह्यांना नको सांगूस."

हा रॅकून भारी हुशार निघाला. तीन आठवडे त्यानं आम्हाला नाचवलं. पिंजऱ्यात खायला ठेवलेला गोड मार्शमॅलो तो बाहेरून हात घालून काढायचा. एकदा त्यानं काकांचं वर्तमानपत्र आत ओढून घेतलं आणि पिंजरा रिकामाच बंद झाला. नंबर चार लावला, सहा लावला. रेचे शेवटचे चार थेंबही लावले, तरी नाही.

मग मला एक गोष्ट सुचली, जी खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. काकूंना विचारलं, "तो तुमच्या कचऱ्यातलं काय खातो?"

"पिझ्झाला हात लावत नाही मेला," काकू म्हणाल्या. "पण परवा मी सांदणं केली ना, त्याचा फणसाचा डबा टाकला होता, पिकलेल्या गऱ्यांचा. तो असा चाटून ठेवला की मी घासला असता तरी इतका स्वच्छ झाला नसता."

इंडियन ग्रोसरीत मी फणसाचे होते नव्हते तेवढे डबे उचलले. गरे कुस्करले, काकवी घातली, बडीशेपेच्या वासाचं तेल, ग्लिसरीन. झाकण सैल. आठ दिवसांनी गॅरेजचं दार उघडलं आणि वास अंगावर आला: गोड, जड, थोडा आंबूस, रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं तरी येणारा. शो नंबर सात.

बर्व्यांकडे लावला, आणि दुसऱ्याच सकाळी पिंजऱ्यात मोठा, गुबगुबीत रॅकून बसलेला. मी अक्षरशः लॉनवर नाचले. काकूंनी टाळ्या वाजवल्या. काकांनी माझा पिंजऱ्याबरोबर फोटो काढला. महिनाभराचा वैरी! पिंजऱ्यावर चादर टाकली, गाडीत ठेवला आणि रेकडे नेला.

इथे एक कटू गोष्ट सरळ सांगायला हवी. लोकांना वाटतं, आम्ही रॅकून पकडून दूर जंगलात सोडतो. आमच्याकडे तसं वाटेल तिथे सोडता येत नाही. रोग पसरतात, नियम आहेत. बहुतेक वेळा त्याला मारावं लागतं. रे ते काम शांतपणे, लवकर करायचा, आणि त्या वेळी मी फोनपाशी जाऊन बसायचे. आम्ही बौद्ध आहोत. रोज सकाळी वंदना घेताना पहिलं शील म्हणते, प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन. ते म्हणून मी कामाला जायचे. स्वतःला समजवायचे, की मी फक्त वास बनवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन.

"शोभा, अगं, बेडरूमच्या छतातून काहीतरी रडतंय. पक्ष्यासारखं."

मला क्षणात कळलं, पकडली ती आई होती. पहिल्या दिवशी मी माळा पाहिला होता, पिल्लं नव्हती, हे खरं. पण त्याला महिना होऊन गेला होता. आणि मादी सापडली की तिचं पोट बघायचं, हे रेनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दूध पाजत असेल तर आचळांभोवतीचे केस झिजलेले असतात. पिंजरा जरा तिरपा केला की दिसतं. पाच सेकंदांचं काम. ते पाच सेकंद मी फोटोसाठी हसत उभी होते.

वीस मिनिटांत पोचले. माळ्याच्या अगदी कडेला, छप्पर उतरतं तिथल्या खोबणीत आवाज येत होता. हात पोचेना. शेवटी खाली बेडरूममध्ये पलंगावर उभी राहून छत कापलं. काका म्हणाले, "पेंट नवीन आहे." काकू म्हणाल्या, "अहो, गप्प बसा."

चार पिल्लं होती. डोळे जेमतेम उघडलेले, आणि त्यांच्याभोवतीही ती इवलीशी काळी पट्टी. तीन हलत होती. एक नव्हतं. काकूंनी पेटीत अंथरायला कपाटातून त्यांचा मऊ जुना टॉवेल आणला. चौथ्यालाही त्यांनी हातरुमालात गुंडाळलं.

रॅकूनची पिल्लं वाढवायचा परवाना असलेली एक बाई दीड तासाच्या अंतरावर राहायची. कॅरल तिचं नाव. काकू म्हणाल्या, "मी पेटी धरते, तू ड्राइव्ह कर." वाटेत पेटीतून मधूनमधून आवाज यायचा, तेवढाच. कॅरलनं दार उघडलं, पेटीत पाहिलं, मग माझ्या शर्टवरचं कंपनीचं नाव वाचलं.

"आई कुठे आहे?"

मी सांगितलं.

"दर वर्षी मे महिन्यात तुमच्यापैकी कुणीतरी अशी पेटी घेऊन येतं," ती म्हणाली. "आणि प्रत्येक जण म्हणतो, मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का?"

"होतं," मी म्हटलं. "मी पाहिलं नाही."

तिनं पेटी घेतली आणि दार लावण्याआधी म्हणाली, "निदान खरं बोललीस."

रेला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. "मी पण बघायला हवं होतं. ती माझ्या हातात होती." मग म्हणाला, "माझ्याकडून हे किती वेळा झालं असेल, शो, मी कधी मोजलं नाही."

पुढचे काही दिवस सकाळी वंदनेला बसले की पहिलं शील गाळून मी दुसऱ्यापासून सुरू करायचे. विलास म्हणाला, "सोडून दे. आता तुझा अनुभव आहे, कुठेही मिळेल काम." मीही तेच ठरवत होते. नंबर सातची बरणी उचलून कचऱ्याशी नेली आणि परत आणली. असं दोनदा केलं. वाईट होतं ते वासात नव्हतं, हे मला कळत होतं. वास फार चांगला झाला होता, आणि त्याच्या कौतुकात मी बुडाले होते.

मी काम सोडलं नाही. पण रेसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "एप्रिलपासून जुलैपर्यंत माळ्यावर आणि चिमणीत पिंजरा लावायचा नाही. आधी पिल्लं आहेत का ते बघायचं. असतील तर आईला स्वतःहून जाऊ द्यायचं."

"लोक फोनवर 'आजच्या आज' म्हणतात, शो."

"फोन मी उचलते."

"ते दुसऱ्याकडे जातील."

"जाऊ देत."

काही गेलेही. एका माणसानं मला फोनवर विचारलं, "तुम्ही प्राणी काढता की त्यांची बाळंतपणं करता?" मी म्हटलं, "सीझनप्रमाणे." रे पलीकडे बसून हसत होता, पण मान हलवत होता.

आईला जाऊ द्यायची युक्तीही वासाचीच. नर रॅकून पिल्लांना मारतो, म्हणून त्याच्या वासाची मादीला भीती वाटते. तो वास बाटलीत मिळतो. ती बाटली माझ्या फ्रिजमध्ये सगळ्यात मागे, दोन डब्यांच्या आत असते. चिंधीला लावून बिळाजवळ ठेवली की आई सामान बांधते. तिच्याकडे नेहमी दुसरं एखादं घर बघून ठेवलेलं असतं. इतके दिवस बोलावायचे वास शिकले, आता घालवायचे शिकत होते.

पुढच्या वसंतात बर्व्यांचाच फोन आला. गेल्या वर्षीचं भोक आम्ही नीट बंद केलं होतं. पण दुसऱ्या बाजूला एक फट होती, ती बंद करायला मी सांगितलेला सुतार काकांनी परत पाठवला आणि स्वतः फळी ठोकली. काकांना माणसं झोपवता येत होती, फळ्या नाही. रॅकूननं ती जेवणाच्या आधी काढून ठेवली असावी.

या वेळी मी आधी माळ्यावर गेले आणि पोटावर सरपटत अगदी कडेपर्यंत टॉर्च मारला. चार पिल्लं. आई माझ्याकडे बघून फुरफुरली. मी म्हटलं, "बाई, बस तू. मी जाते." चिंधी ठेवली, माळ्यावरचा दिवा चालू ठेवला आणि खाली आले. काका शिडी धरून उभे होते. म्हणाले, "मेश्राम, नीट उतर हं. पायरी ओली आहे."

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी आणि काकू मागच्या डेकवर खुर्च्या टाकून बसलो. उजाडायला लागलं होतं. काकूंनी आल्याचा चहा थर्मासमध्ये आणला होता. काका खिडकीच्या आत दुर्बीण घेऊन; बाहेर थंडी आहे म्हणून.

सहाच्या सुमारास फटीतून ती बाहेर आली. तोंडात पिल्लू, मानेला धरलेलं. छपरावरून पन्हाळीशी, पन्हाळीवरून मेपलच्या फांदीवर, आणि बुंध्यावरून उलटी उतरून मागच्या झाडीत. काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

"एक," त्या हळूच म्हणाल्या.

बारा-पंधरा मिनिटांनी दुसरं. तिसरं तिच्या तोंडातून फांदीवर निसटलं. आम्ही दोघी खुर्चीतून अर्धवट उठलो, पण तिनं ते पंजानं दाबून धरलं आणि पुन्हा उचललं. चौथं सगळ्यांत लहान होतं. त्याला नेलं तेव्हा ऊन डेकवर आलं होतं.

"झालं," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसले. "चार. आता बंद कर बाई ते."

मी जाळी आणि ड्रिल घेऊन शिडीशी गेले. दोन पायऱ्या चढले, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब, थांब!" ती पुन्हा येत होती. झाडावरून छपरावर, छपरावरून फटीत. मला भरदिवसा शिडीवर बघूनही ती आत गेली. आत तिच्या चालण्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मग ती बाहेर आली. तोंडात काही नव्हतं. छपराच्या कडेला क्षणभर बसली आणि निघून गेली.

मी शिडीवरून उतरले, ड्रिल गाडीत ठेवलं.

रेचा फोन आला. "गेले का सगळे? बंद केलंस?"

"गेले," मी म्हटलं. "बंद उद्या करते."

"आज का नाही?"

"तिला अजून एकदा बघून जायचं असेल तर."

रे म्हणाला, "बरं. उद्या कर."